वाट पाहायला लावणाऱ्या कादंबऱ्या

या पुस्तकात किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांवरची टिपणं आहेत. त्यांतल्या काही कादंबऱ्या सध्या माझ्या उशाशी आहेत, काही नुकत्याच वाचून संपल्या, आणि काहींची मी अजून वाट पाहतो आहे. शेवटच्या गटाबद्दल हस्तलिखित वाचणाऱ्यांनी शंका काढली. जे पुस्तक हातात आलेलंच नाही, त्यावर लिहायचं काय? शंका रास्त आहे. तरीही तो गट मी ठेवला, कारण ज्यांना इंग्रजीत ‘यंग अडल्ट’ म्हणतात त्या कादंबऱ्यांमध्ये वाट पाहणं हा वाचनाचाच एक भाग असतो, असं माझं मत हळूहळू पक्कं झालं आहे. ही प्रस्तावना मुख्यतः त्या मताची बाजू मांडण्यासाठी आहे.

पंचेचाळिसाव्या वर्षी एखादी कादंबरी वाचली आणि तिचा पुढचा भाग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आला, तर वाचक साधारण तोच असतो. चष्म्याचा नंबर वाढलेला असेल, एवढंच. बाराव्या वर्षी वाचलेल्या कादंबरीचा पुढचा भाग पंधराव्या वर्षी आला, की गोष्ट निराळी होते. मधल्या काळात आवाज फुटलेला असतो, जिवाभावाची मैत्री तुटलेली असते, दहावीचे क्लास सुरू झालेले असतात, आणि आईवडील चुकू शकतात हे उमगलेलं असतं. पहिला भाग वाचणारी आणि दुसरा भाग उघडणारी मुलगी एकच नसते. चांगल्या लेखकाला हे ठाऊक असतं. तो पुढची गोष्ट लिहितोच, पण ती बदललेल्या माणसासाठी लिहितो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण फिलिप पुलमन यांचं. ‘नॉर्दर्न लाइट्स’ १९९५ साली आली, ‘द सटल नाइफ’ १९९७ साली आणि ‘द अँबर स्पायग्लास’ २००० साली. या कादंबऱ्यांतल्या जगात माणसाचा आत्मा त्याच्या शरीराबाहेर, एखाद्या प्राण्याच्या रूपात, सतत सोबत असतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. मुलांचे डीमन रूप बदलत राहतात. आत्ता पाकोळी, क्षणात मुंगूस, रात्री गळ्याशी झोपणारा उंदीर. वयात आल्यावर डीमनचं रूप कायमचं ठरतं. मग आपण कोण आहोत हे माणसाला कळतं, आणि ते आवडलं नाही तरी बदलता येत नाही. किशोरवयाबद्दल मानसशास्त्राच्या जाड पुस्तकांत जे सापडत नाही, ते पुलमन यांनी एका कल्पनेत बसवलं. पहिल्या भागातले खलनायक मुलांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळं करतात. अशी कल्पना सुचलेल्या लेखकाला मुलांचा लेखक म्हणून बाजूला ठेवणं किती अवघड आहे, हे इंग्लंडातल्या परीक्षकांनाही पटलं. ‘द अँबर स्पायग्लास’ला २००१ सालचं सर्व साहित्यप्रकारांतलं उत्तम पुस्तक म्हणून व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

मग या कादंबऱ्यांच्या नायिकेची, लायराची, गोष्ट थांबली. अधूनमधून एखादं छोटं पुस्तक आलं, पण मोठी कादंबरी यायला २०१७ साल उजाडलं. ‘ला बेल सोव्हाज’मध्ये लायरा तान्ही आहे. २०१९ च्या ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’मध्ये ती एकदम वीस वर्षांची दिसते, विद्यापीठात शिकते, आणि तिचं आपल्या डीमनशी, पॅनशी, पटत नाही. ती कोरड्या तर्कवादी पुस्तकांच्या नादी लागली आहे. तिची कल्पनाशक्ती हरवली, असं पॅनला वाटतं, आणि ती शोधायला तो तिला सोडून निघून जातो. ही कादंबरी ऐन अंधारात, एका पडक्या नगरीत थांबली. पुढचा भाग, ‘द रोझ फील्ड’, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आला. तोवर पुलमन ७९ वर्षांचे झाले होते.

१९९५ साली बारा वर्षांची असलेली वाचक २०२५ साली बेचाळीस वर्षांची झाली. लायरा तीस वर्षांत बाराव्याहून विसाव्या वर्षापर्यंत पोहोचली. म्हणजे सुरुवातीला नायिका आणि वाचक बरोबरीच्या होत्या, आणि शेवटी वाचक नायिकेची मावशी शोभेल अशी झाली. ‘द रोझ फील्ड’च्या शेवटाबद्दल वाचकांत एकमत नाही. काहींना तो अपुरा वाटतो, काहींना नेमका. या वादाचं एक कारण मला असं दिसतं, की कुणी तो बाराव्या वर्षीच्या अपेक्षेनं वाचला आणि कुणी बेचाळिसाव्या. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा आहे. पॅन निघून जातो तो प्रसंग सोळाव्या वर्षी समजत नाही. चाळिशीत तो टोचतो. मग हे पुस्तक किशोरांचं कसं, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: पहिल्या भागाशी ज्याचं नातं किशोरवयात जडलं, त्याच्यासाठी ते आहे.

सुझॅन कॉलिन्स यांनी वाट पाहायला लावण्याचा याहून धूर्त उपयोग केला. ‘द हंगर गेम्स’ २००८ साली आली. तिच्यात सत्ता मुलांना मैदानात उतरवून एकमेकांना मारायला लावते आणि हा खेळ टीव्हीवर दाखवते. टीव्हीच्या वाहिन्या बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली आणि दोन्ही डोक्यात मिसळली, त्यातून ही कल्पना निघाली, असं त्यांनी सांगितलं आहे. २००९ च्या दुसऱ्या भागात एक छोटा प्रसंग येतो. नायिका कॅटनिस आणि खेळातला तिचा साथी पीटा हे आपला दारुडा मार्गदर्शक हेमिच पन्नासाव्या खेळात कसा जिंकला, याची जुनी चित्रफीत पाहतात. वाचकही ती त्यांच्यासोबत पाहतो, हेमिचच्या हुशारीचं कौतुक करतो आणि पुढे सरकतो. हा प्रसंग कुणाच्या फारसा लक्षातही राहिला नसेल.

मार्च २०२५ मध्ये ‘सनराइज ऑन द रीपिंग’ आली. ती हेमिचच्या त्याच खेळाची कादंबरी आहे. हेमिच सोळा वर्षांचा आहे, त्या वर्षी दुप्पट म्हणजे ४८ मुलं मैदानात उतरवली आहेत, आणि कोण जिंकणार हे प्रत्येक वाचकाला पानं उलटण्याआधीच माहीत आहे. एवढं माहीत असताना वाचायचं काय उरलं? उरतं ते असं, की आपण सोळा वर्षांपूर्वी पाहिलेली चित्रफीत सत्तेनं कापून-जोडून तयार केलेली होती. हेमिचनं जे खरोखर केलं ते तिच्यात नव्हतंच. म्हणजे कॅटनिसबरोबर आपणही फसलो होतो, आणि सोळा वर्षं फसलेले राहिलो. सत्ता सांगते ते मुकाट्यानं खरं मानण्याच्या माणसाच्या सवयीबद्दल डेव्हिड ह्यूम यांनी जे लिहिलं, त्याचा धागा कॉलिन्स यांनी या कादंबरीमागे ठेवला आहे. ही गोष्ट त्यांनी २०१० साली लिहिली असती, तर तो निव्वळ एक रहस्यभेद झाला असता. मधली वर्षं गेली म्हणून ती वाचकावरचा आरोप झाली. पंधराव्या वर्षी ज्यानं ती फीत विश्वासानं पाहिली, तो आता एकतिशीचा आहे, बातम्या पाहतो, मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवतो. अलीकडे वाचलेल्या किशोर कादंबऱ्यांत मी हिला वर ठेवतो. हेमिच आणि लेनोर डव्ह यांचं प्रेमप्रकरण जरा पातळ आहे, तरीही.

वाट पाहणं दरवेळी फळतं असं मात्र नाही. मार्कस झुसॅक यांच्या ‘द बुक थीफ’नंतर (२००५) त्यांची पुढची कादंबरी ‘ब्रिज ऑफ क्ले’ यायला तेरा वर्षं लागली, आणि पहिलीवर जीव टाकणाऱ्या कितीतरी वाचकांना दुसरी पेलली नाही. ‘द बुक थीफ’बद्दल एक गंमत सांगतो. मृत्यू निवेदक असलेली ही कादंबरी झुसॅक यांच्या मायदेशी, ऑस्ट्रेलियात, प्रौढांची म्हणून निघाली आणि अमेरिकेत किशोरांची म्हणून. मजकूर तोच, दुकानातला कप्पा निराळा. यापुढे एखादं पुस्तक किशोरांचं की मोठ्यांचं यावर कुणी तावातावानं बोलू लागलं, की हे उदाहरण द्यावं.

आणि बाजाराचा भाग आहेच. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग २१ जुलै २००७ रोजी आला, तेव्हा आपल्याकडच्या शहरांतही भल्या सकाळी दुकानांसमोर पोरं उभी होती. बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादानं हॅरी मराठीत बोलू लागला. त्या यशानंतर प्रकाशकांनी वाट पाहण्याचाच धंदा केला. एका कादंबरीचा ऐवज तीन भागांत ताणायचा, भाग अर्ध्यावर तोडायचा, आगाऊ नोंदणी घ्यायची, कडा रंगवलेल्या प्रती काढायच्या. अशा मालिकांवर या पुस्तकात टिपणं नाहीत. त्या मी वाचल्या, काही तर रात्र जागून वाचल्या, पण लिहावं असं काही हाती लागलं नाही.

आता मराठीकडे येतो, कारण हे पुस्तक मराठीत आहे आणि इथे एक अवघड प्रश्न आहे.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करतो. १९६७ साली तिथे ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झाली. ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या एस. ई. हिंटन यांनी ती शाळेत असतानाच लिहायला घेतली, आणि पुस्तक हातात आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. गरीब वस्तीतली पोरं आणि श्रीमंतांची पोरं यांच्यातल्या मारामारीची ही गोष्ट. लेखिका मुलगी आहे हे पाहून परीक्षणकार नाकं मुरडतील, म्हणून प्रकाशकानं मुखपृष्ठावर नावाची नुसती आद्याक्षरं छापली. अमेरिकेतल्या किशोर कादंबरीचा इतिहास बहुतेक जण इथूनच सुरू करतात. पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या एका शाळेतल्या मुलांनी सह्या करून फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवलं, की या पुस्तकावर तुम्ही सिनेमा काढा. आणि त्यांनी तो काढला, १९८३ साली.

त्याच १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. सावंत तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ती किशोरांसाठी लिहिलेली नव्हती, पण महाराष्ट्रातल्या किती घरांत ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचली गेली याचा विचार करा. जन्मानं आपल्याच माणसांपासून तुटलेला, गुण असून दाराबाहेर उभा केलेला, मैत्रीच्या ओझ्याखाली चुकीच्या बाजूला गेलेला, ‘मी कोण’ हा प्रश्न आयुष्यभर वागवणारा कर्ण. सहा जणांच्या तोंडून ही गोष्ट उलगडते, म्हणजे एकाच घटनेची सत्यं वेगवेगळी असतात हेही वाचकाला त्या वयात पहिल्यांदा कळतं. ‘मृत्युंजय’ ही मराठीतली खरी यंग अडल्ट कादंबरी आहे, असं मी म्हटलं तर समीक्षक रागावतील. रागावोत. पोरांनी ती निवडली. तिची भाषा आज मला जड वाटते, पण सोळाव्या वर्षी ती जड भाषाच हवी असते.

अडचण पुढची आहे. आपल्याकडे फास्टर फेणे ते मृत्युंजय ही उडी एका दमात घ्यावी लागते. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक’ करतो आणि एकामागून एक साहसं पार पाडतो. मुलं त्याच्या पुढच्या पुस्तकाची वाट पाहायची. अशी वाट पाहायला लावणारे लेखक मराठीत मोजकेच झाले. मात्र फेणेचं वय वाढत नाही. वाचक मिसरूड फुटून कॉलेजात गेला तरी बन्या शाळेतच. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा त्याला वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण करावं लागलं. पडद्यासाठी जे करावंसं वाटलं, ते कागदावर कुणी केलं नव्हतं.

बारा ते सतरा या वयावर मराठीत लिहिलं गेलं नाही असं मुळीच नाही. उलट फार सुंदर लिहिलं गेलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी. पण संतांचं ‘वनवास’ १९९४ साली आलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. लंपनचं बेळगावकडचं, कानडी हेल असलेलं, ‘मॅड’ या शब्दावर तोल सांभाळणारं जग म्हणजे पाठीमागे गेलेला काळ आहे. ‘शाळा’ २००४ साली आली आणि तिच्यातली नववी आणीबाणीच्या वर्षातली आहे. ज्या वर्षी मुकुंद शाळेतल्या शिरोडकरकडे चोरून पाहत होता, त्या वर्षी ‘शाळा’च्या पहिल्या किशोर वाचकांचा जन्मही झालेला नव्हता. ही पुस्तकं किशोरवयाविषयीची आहेत आणि प्रौढांना हुरहुर लावतात. मुलांना ती आवडतातही, पण बाबांच्या शाळेच्या गोष्टी आवडाव्यात तशी. त्यांच्या स्वतःच्या नववीबद्दल, जिथे वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, कोटाला गेलेला भाऊ आहे, शेत विकून शहरात आलेलं घर आहे, जातीवरून झालेली मारामारी आहे आणि इन्स्टाग्रामवर चोरून उघडलेलं दुसरं खातं आहे, त्या नववीबद्दलची मराठी कादंबरी त्यांना चालू वर्षात, त्यांच्याच वर्षात, हवी आहे.

भारतीय इंग्रजीत हे काही प्रमाणात झालं. पारो आनंद यांनी ‘नो गन्स अ‍ॅट माय सन्स फ्युनरल’मध्ये काश्मिरातला मुलगा दहशतवाद्यांच्या जवळ कसा ओढला जातो ते लिहिलं. सिद्धार्थ शर्मांची ‘द ग्रासहॉपर्स रन’ दुसऱ्या महायुद्धातल्या नागा टेकड्यांत घडते. हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ शाळेतल्या समलिंगी मुलीभोवती आहे. या पुस्तकांवर पुढे सविस्तर लिहिलं आहे, म्हणून इथे थांबतो.

हिंटन आणि संत यांची वयं सांगितली, तरी लेखक वयानं लहान असायलाच हवा, असं माझं म्हणणं नाही. पुलमन आणि कॉलिन्स तसे नव्हते. अर्सुला ले ग्विन तर नव्हत्याच. त्यांच्या ‘अर्थसी’चा तिसरा भाग १९७२ साली आला आणि चौथा, ‘तेहानू’, अठरा वर्षांनी, १९९० साली. पहिल्या भागात जादूगारांची शाळा आहे आणि तिथे सगळे पुरुष आहेत. चौथ्यात एक मध्यमवयीन विधवा आहे, एक भाजून विद्रूप झालेली मुलगी आहे, आणि जादू गमावलेला जादूगार आहे, ज्याला शेळ्या राखाव्या लागतात. ले ग्विन यांनी आपल्याच जगाची झडती घेतली: हे जग मी असं का बांधलं, यात बायका कुठे आहेत? काही जुने वाचक चिडले. मला ‘तेहानू’ मालिकेतली सर्वांत धीट वाटते. अठरा वर्षांत वाचकच मोठे होतात असं नाही, लेखकही होतो, याचा हा पुरावा.

उशाशी सध्या मेगन व्हेलन टर्नर यांची चोराची मालिका आहे, दुसऱ्यांदा. पहिला भाग ‘द थीफ’ १९९६ चा, सहावा २०२० चा. निवेदक खोटं बोलतो आणि आपण ते आनंदानं ऐकतो. शिवाय फ्रान्सिस हार्डिंग यांची ‘द लाय ट्री’, जिच्यात चौदा वर्षांच्या फेथला एक झाड सापडतं. त्याच्या कानात असत्य सांगायचं, ते असत्य लोकांत पसरलं की झाडाला फळ लागतं आणि ते खाल्लं की सत्य कळतं. व्हिटब्रेडचं नाव बदलून कोस्टा झालं होतं; पुलमन यांच्यानंतर तो सर्वोच्च मान मिळवणारं मुलांसाठीचं दुसरं पुस्तक हेच.

आणि प्रतीक्षेत? अ‍ॅलिस ऑस्मन यांच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकादंबरीचा सहावा आणि अखेरचा भाग २०२६ साठी जाहीर झाला आहे. ऑस्मन यांची पहिली कादंबरी २०१४ साली, विशीच्या आत असताना, छापली गेली. तिच्यातल्या एका दुय्यम मुलाची, चार्लीची, गोष्ट पुढे २०१६ पासून इंटरनेटवर काही-काही पानांनी उलगडत गेली. चार्ली आणि निक यांच्या हळुवार प्रेमाची ही कथा ज्यांनी नववीत वाचायला घेतली, ते आता नोकऱ्या शोधत आहेत. शेवट गोड असेल असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरला तर या टिपणाची पुढची आवृत्ती कंटाळवाणी होईल, त्याला इलाज नाही.

प्रतीक्षेच्या गटात एकही मराठी नाव नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल. मराठी वाचकाला वाट पाहणं ठाऊक नाही असं नाही. दिवाळी अंकांची वाट तो पिढ्यान् पिढ्या पाहत आला आहे, ‘किशोर’ मासिक १९७१ पासून घरोघरी जातं आहे. म्हणून संपादकांना एक विनंती. दिवाळी अंकातली वीस पानं दरवर्षी एकाच किशोर कादंबरीला द्या, पुढचा भाग पुढच्या वर्षी येईल असं छापा, आणि लिहिणारं कुणी सतरा वर्षांचं मिळालं तर त्याच्या भाषेला हात लावू नका. तीन दिवाळ्यांत ती कादंबरी पुरी होईल, तोवर तिचे वाचक आठवीतून दहावीत गेलेले असतील.

टिपणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील. ‘सनराइज ऑन द रीपिंग’ आणि ‘द अँबर स्पायग्लास’ यांवरची मात्र ती पुस्तकं वाचून झाल्यावरच उघडा. दोन्हीत शेवट सांगून टाकला आहे.